साहेबांसाठी झाडलेला धक्का

आमचा धक्का रिकामा दिसावा म्हणून आम्हीच राबलो. दुसऱ्या कुणी नाही, आम्हीच. बांबू आम्ही उपटले, दोऱ्या आम्ही सोडल्या, दगड आम्ही घासले आणि वर रांगोळीही काढली. मग साहेब आले, त्यांनी त्या झाडूनपुसून लख्ख केलेल्या धक्क्याचा फोटो काढला आणि फोटोखाली लिहिलं, 'वापरात नसलेला जुना धक्का'. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. तापल्या डोक्यानंच सांगते. गोड करून सांगायला मला कधी आलंच नाही.

मी वनमाला. माहेर माहुलचं, तेलाच्या टाक्यांच्या शेजारचं. लग्न होऊन आले ती बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडी ओलांडून, दांडपाड्याच्या कोळीवाड्यात. माझा नवरा चंदर बोटीवर जातो. त्यानं आणलेली मासळी सुकवायची आणि विकायची हे माझं आणि सासूचं काम. सासूचं नाव सोनूबाई. अंगानं काटकुळी, पण तिच्यापुढं आवाज चढवायची हिंमत वाड्यात कुणाला नाही, मला तर नाहीच.

हा धक्का इंग्रजांच्या काळातला. तेव्हा इथं कौलांची आणि मिठाची गलबतं लागायची. पुढं रस्ते झाले, ट्रक आले, गलबतं बंद पडली आणि ज्या खात्याचा धक्का होता ते खातं त्याला साफ विसरून गेलं. आमच्या बाया विसरल्या नाहीत. त्यांनी दगडांच्या फटीत बांबू रोवले, बांबूंना दोऱ्या बांधल्या आणि बोंबील सुकवायला सुरुवात केली. त्या बांबू-दोऱ्यांच्या मांडणीला आम्ही वलांडी म्हणतो.

ज्यांनी बोंबील फक्त ताटात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. ओला बोंबील म्हणजे नुसतं पाणी. सकाळी आणलेला संध्याकाळपर्यंत हातात राहत नाही. तो वाऱ्यावर टांगावा लागतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. वाळूत पसरला तर खाताना दाताखाली कचकच येते. धक्का पडला पाण्यात आत गेलेला, त्यामुळे दोन्ही अंगांनी वारा, वर ऊन, खाली स्वच्छ दगड. धक्क्यावरचे बोंबील म्हटलं की बोरिवलीच्या बाजारात गिऱ्हाईक वरखाली करून बघत नसे, सरळ पिशवी पुढं करायचं. प्रत्येक घराची दोरी ठरलेली. आमची अगदी टोकाला, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांजवळ. ती सोनूबाईच्या सासूची होती, मग सोनूबाईची झाली, पुढं माझी व्हायची.

आणि दुसरी जागा नाही, हे लक्षात ठेवा. धक्क्याच्या एका बाजूला चिखल आणि तिवरांचं रान, दुसऱ्या बाजूचा किनारा भरतीनं खाऊन टाकलेला. धक्का गेला तर बोंबील सुकवायचा कुठं? नाही सुकवला तर चंदरनं तो आणायचा कशाला? सगळा वाडा त्या दगडांवर उभा होता.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तुळशीदासमामानं देवळासमोर सगळ्यांना बोलावलं. तुळशीदासमामा आमच्या वाड्याचा पाटील आणि सोनूबाईचा धाकटा भाऊ. भला माणूस आहे. पण साहेब म्हटलं की त्याच्या पाठीला बाक येतो. डोक्यावरची लाल टोपी सारखी करत त्यानं सांगितलं, किनारा सुधार मंडळाचे मोठे साहेब धक्का बघायला येणार आहेत.

आम्हाला काय वाटणार? टोकाच्या पायऱ्या कित्येक वर्षं ढासळल्या होत्या. पाण्यात पडून कुणाकुणाचे पाय मोडले होते. दुरुस्ती करा म्हणून मामा हेलपाटे घालून थकला होता. आम्हाला वाटलं, देव पावला.

"सायब राने हाय, मालवन साईडचा," मामा म्हणाला. "मासली खानारा मानूस. आपलाच समजा. पन पाव्हना येनार तवा धक्का चकचकीत पायजे. दोन दिस वलांडी काढा. वास नको."

वास नको. हे आम्ही जन्मापासून ऐकत आलोय. बसमध्ये टोपली घेऊन चढलं की कंडक्टर म्हणतो, खाली उतर, वास येतो. आठवड्याचे मासे आमच्याकडून घेणारी बाई पायरीवर बसू देत नाही, वास येतो. शाळेत माझ्या मागच्या बाकावरची पोर नाक धरून बसायची. इतकं ऐकलं, इतकं ऐकलं, की शेवटी वास आम्हालाच यायला लागला. कुणी पाहुणा येणार म्हटलं की आमच्या बाया आधी घरातली मासळी आड करतात, अंगणात फिनेल ओततात, अंगाला पावडर लावतात. माहुलला माझी आईसुद्धा हेच करायची. राग येतो मला त्या कंडक्टरचा, त्या बाईचा, त्या पोरीचा. पण खरा राग येतो तो असा आत जाऊन बसलेल्या शरमेचा. तिला बसमधून खाली कशी उतरवायची?

सोनूबाई उठून उभी राहिली. "तुलश्या, आपून मासली सुकवतो. दारू गालत नाय. लपवायचं काय त्यात?"

"लपवत नाय गो बाय. दोन दिस आवरून ठेवायचं."

"ऐन बोंबलाचे दिस हायत. दोरीवरचा अर्धा ओला हाय. तो कुठं ठेवू, तुझे डोक्याव?"

बाया हसल्या. मामा हसला नाही. त्यानं बहिणीपुढं हात जोडले. चार दिवसांपूर्वीच भाऊबीजेला तिनं त्याला ओवाळलं होतं. भाऊ असा सगळ्यांसमोर हात जोडून उभा राहिलेला तिला बघवला नाही. "कर तुझं," म्हणाली आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी पहिला बांबू तिनंच उपटला, आणि उपटताना भावाच्या सगळ्या साहेबांचा उद्धार केला.

अर्धे ओले बोंबील घराघरात गेले. कुणी खाटेवर टाकले, कुणी माळ्यावर, कुणी पत्र्यावर. वारा नाही, ऊन नाही. तो सगळा माल काळा पडला आणि खाडीत ओतावा लागला. बाया गुडघ्यांवर बसून काथ्यानं दगड घासत होत्या. बादल्या भरभरून पाणी ओतलं. ज्या दगडांना पिढ्यानपिढ्या मासळीचं तेल लागलं होतं ते असे पांढरे झाले की मला ओळखू येईनात.

साहेब आले. अँबॅसडर गाड्या धक्क्याच्या तोंडाशी लागल्या. राणेसाहेब सगळ्यांत पुढं. सहदेव राणे. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, हसरा. त्याला बघून मामाचा जीव भांड्यात पडला. नाकाला रुमाल नाही, कपाळाला आठी नाही. "काय वारो आसा हय," म्हणत साहेबानं छाती भरून श्वास घेतला. सोबत एक फोटोग्राफर होता, गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला.

सोनूबाई आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली होती, टोकाला, पायऱ्यांजवळ. नवं हिरवं लुगडं, कानात सोनं. पायऱ्या कुठं ढासळल्यात ते साहेबांना तिला दाखवायचं होतं.

"बाई, जरा बाजूला व्हा," फोटोग्राफर म्हणाला.

ती डावीकडे सरकली.

"अजून. फ्रेममध्ये येताय."

ती आणखी सरकली. तो मागं आला, तसं त्यानं तिला स्वतःच्याही मागं यायला सांगितलं. मग सगळ्याच बायांना हात हलवून मागं घेतलं. असं करत करत आम्ही सगळ्या धक्क्यावरून उतरून रस्त्यावर आलो. मग त्यानं फोटो काढले. आम्ही बघत उभ्या राहिलो, आणि धक्का किती छान दिसतो म्हणून आमच्यातल्या दोघी-तिघी खूशही झाल्या.

पायऱ्यांबद्दल कुणी विचारलं नाही.

जेवण मामाच्या घरी. भरलेलं पापलेट, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी. राणेसाहेबानं चटणी तीनदा मागून घेतली. "माझ्या आवशीक असलेच बोंबील लागतत," म्हणाला. "परळात मिळतत, पण त्येंका ही चव नाय." सोनूबाईनं घरातून गेल्या खेपेचे चांगले बोंबील आणले, कागदात बांधले, वर सुतळी गुंडाळली आणि आईला द्या म्हणून त्याच्या हातात ठेवले. त्यानं दोन्ही हातांनी घेतले. वाकून नमस्कारही केला. गाड्या गेल्यावर मामा म्हणाला, "बगितलं? आपला मानूस हाय."

मासे खाणारा माणूस आपला. ही आमच्या वाड्याची अक्कल. जो आपल्या ताटातलं खातो तो आपल्या ताटाला लाथ मारणार नाही असं आम्ही धरून चालतो. मांजरही मासेच खातं, ते कधी आमच्या डोक्यात आलं नाही.

शिमग्याच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये बोलावणं आलं. आम्ही पायऱ्यांचं काम कधी सुरू होणार ते ऐकायला गेलो. मधल्या टेबलावर प्लायवूडचा देखावा मांडला होता. निळ्या रंगाची खाडी, हिरव्या रंगाची गवताची गादी, चिमुकले दिवे, बाकडी, कारंजं. त्यामागं उंच इमारती, खाली दुकानं आणि वर फ्लॅट. मोटारी उभ्या करायला जागा. पाटीवर लिहिलं होतं, 'सागरतीर उद्यान व निवासी संकुल'. मी सातवी शिकलेय, मीच सगळ्यांना वाचून दाखवत होते. आधी मला कळेना, हे आम्हाला का दाखवतायत. मग मला त्या हिरव्या गादीचा आकार दिसला. पाण्यात आत गेलेला, टोकाला किंचित वाकडा. आमचा धक्का.

गवताच्या मधोमध एक पुतळा होता. बोटाएवढी कोळीण, काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर टोपली.

"ही कोन?" सोनूबाईनं विचारलं.

"तू," मी म्हटलं. माझ्या तोंडातून तेवढंच निघालं. जिवंत कोळणीची टोपली यांना बसमध्ये चालत नाही, सिमेंटची चौकात चालते.

भिंतीवर तो फोटो लावला होता, दरवाजाएवढा मोठा करून. स्वच्छ पांढरे दगड, निळं आकाश आणि माणसाचा मागमूस नाही. एका कोपऱ्यात आमची रांगोळीसुद्धा दिसत होती. खालची ओळ मी वाचली. पुन्हा वाचली. मग मोठ्यानं वाचली, कारण सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. 'वापरात नसलेला जुना धक्का.'

तुळशीदासमामानं टोपी काढून हातात घेतली. तो राणेसाहेबाकडे गेला. "सायब, तुमी येनार म्हनून आमी साफ केला ना. नायतर तितं पाय ठेवायला जागा नसते. सगल्या बाया बोंबील टांगतात."

राणेसाहेबाचा आवाज मऊच होता. चिडलेला माणूस परवडतो, असा मऊ बोलणारा नाही. "पाटील, ते मला कसं कळणार? पाहणीच्या दिवशी जे होतं ते कागदावर आलं. मी स्वतः बघितलं, धक्का रिकामा होता. फोटो आहेत."

"तुम्ही बोंबील घेऊन गेलात," मी म्हटलं. मध्ये बोलायचं नाही असं मामानं बजावलं होतं, पण मला राहवेना. "दोन्ही हातांनी घेतलेत. ते कुठं सुकले असं वाटलं तुम्हाला? झाडाला लागतात बोंबील?"

तो माझ्याकडे बघून हसला. "वहिनी, चिडू नका. मी पण गिरणी कामगाराचा मुलगा आहे. माझ्या वडिलांची गिरणी संपानंतर बंद पडली. पोटावर पाय आलेला मी बघितलाय."

"मग सांगते ऐका. तुमच्या वडिलांच्या गिरणीचा आज कुणी फोटो काढला तर तीही रिकामीच दिसेल. खाली लिहा, वापरात नसलेली."

त्याचं हसू गेलं. तेवढंच मला बरं वाटलं. आता तो मऊही बोलेना. विरोध असेल तर लेखी द्या, पुढची पाहणी होईल तेव्हा होईल, पण भूमिपूजनाची तारीख ठरली आहे, मोठे पाहुणे यायचे आहेत. मग त्यानं मामाला बाजूला घेऊन सांगितलं, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. स्वागताला आपल्या बायका पाहिजेत. पारंपरिक लुगडं, अंगावर दागिने, डोक्यावर टोपल्या. टोपल्या रिकाम्या चालतील. एखादा नाच झाला तर उत्तम.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं तेवढ्यात सोनूबाईनं माझा दंड दाबला, असा की बोटं उमटली.

"येऊ," ती म्हणाली. "नटून येऊ."

घरी येईपर्यंत मी तिच्या चार पावलं पुढंच चालत राहिले. मला वाटलं, हीपण भावासारखीच. दारात पोचल्यावर मी तिला तसं सांगितलंही. ती चिडली नाही. "वनमाले," म्हणाली, "मांडव कशाचा बांधतात?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी मांडववाला आला. आम्ही परत उभी केलेली वलांडी त्याच्या माणसांनी काढून कडेला टाकली. धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू उभे राहिले. आडवे बांबू बांधले, दोऱ्या ताणल्या. कापड टाकायचं, झालरी लावायच्या म्हणून त्या बांबूंमधून दोऱ्यांचं जाळंच विणलं. खाली खुर्च्यांच्या रांगा, समोर स्टेज. आम्ही रस्त्यावर उभं राहून बघत होतो, आणि तेव्हा मला सासूचा प्रश्न कळला. इतकी मोठी, इतकी मजबूत वलांडी आमच्या धक्क्यावर कधी उभी राहिली नव्हती. आम्ही फुटके-तुटके बांबू वर्षानुवर्षं वापरतो. हे तर नवे कोरे होते.

पहाटेच्या भरतीला होड्या आल्या. बोंबील बेसुमार लागला होता, चंदर म्हणाला जाळं ओढवेना. पायऱ्यांवरून टोपल्या वर आल्या. आणि वाड्यातल्या सगळ्या बाया धक्क्यावर आल्या, साहेबांनी सांगितलं होतं तशा. पारंपरिक लुगडी, नाकात नथी, गळ्यात पुतळ्या, अंबाड्यात अबोलीचे गजरे. डोक्यावर टोपल्या. रिकाम्या नव्हत्या एवढंच.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. जी ती आपल्या जागेवर गेली. मांडव कुणाचाही असो, दोरीची जागा ठरलेली होती. जबड्यात जबडा, दोरीवर जोडी. जबड्यात जबडा, दोरीवर जोडी. नथ सावरायची आणि पुढची जोडी घ्यायची. झेंडूच्या माळा लोंबत होत्या, त्यांच्या मधून मधून बोंबील लोंबायला लागले. स्टेजच्या झालरीवर टांगले. कमानीवर टांगले. 'सुस्वागतम्' लिहिलेल्या पाटीच्या दोरीवरसुद्धा टांगले. ओल्या बोंबलाचं पाणी खुर्च्यांच्या लाल कापडावर टपटप गळत होतं. मांडववाला आधी ओरडला, मग डोक्याला हात लावून कठड्यावर बसला.

राणेसाहेब तयारी बघायला लवकर आला. धक्क्याच्या तोंडाशीच थांबला. मी त्याच्याकडेच बघत होते. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. पहिल्या वेळी नव्हता काढला, तेव्हा आम्ही फिनेलनं धुऊन ठेवलं होतं ना.

"हे काय लावलंय?" तो सोनूबाईला म्हणाला. "पाहुणे निघालेत. उतरवा हे सगळं."

"पाव्हने येनार म्हनून एकदा उतरवलं," सोनूबाई म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "तवा तुमी लिवलंत, हितं कोन नाय. आता पाव्हन्यांना वास घिवू दे. म्हंजे कलेल, कोन हाय."

तो मामाकडे वळला. मामा खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपाशी उभा होता, ठेवणीतला सदरा घालून. "पाटील, तुम्ही समजदार आहात. निदान पुढची बाजू काढायला सांगा. स्टेज आणि कमान. मागं राहू दे, माझी हरकत नाही. गावाची शोभा होईल असं करू नका."

सगळ्या बाया मामाकडे बघायला लागल्या. या माणसानं जन्मभर साहेबाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्याचे ओठ हलले. मला वाटलं आता हात जोडतो. पण तो खाली बसला, तिथंच, ओल्या खुर्चीवर. "टांगलंय माजे बायनं," बहिणीकडे बोट करून म्हणाला. "तिला सांगा."

तो फोटोग्राफर आलाच होता. सोनूबाईनं त्याला लांबूनच ओळखलं. "ये रं," तिनं हाक मारली. "त्या दिशी मना हटवलंस. आता काड फोटू. सगला काड." आणि ती टोकाला, पायऱ्यांजवळ, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. वर बोंबील, मागं खाडी, कानात सोनं. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला. खरं सांगते, त्याला तो फोटो पाहिजे होता. त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"नको काढू," राणेसाहेब म्हणाला.

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. भिंगावर झाकण बसवलं आणि मान फिरवली. रिकाम्या धक्क्याचे ढीगभर फोटो काढले, भरलेल्या धक्क्याचा एक काढवला नाही त्यांना. त्या क्षणी मला त्याचा कॅमेरा खाडीत फेकून द्यावासा वाटला. पण माझ्या हातात बोंबील होते, आणि ते टांगायचे होते.

पाहुण्यांच्या गाड्या आल्या. धक्क्याच्या तोंडाशी थांबल्या. एका गाडीची काच खाली आली, लगेच वर गेली. राणेसाहेब पळत गेला, खिडकीशी वाकून काही बोलला. मग गाड्या एकेक करून वळल्या. तो तिथंच उभा राहिला, रुमाल हातात धरून. मग आमच्याकडे न बघता तोही गेला. पोलीस आले ते दुपारी. बोंबील काढा म्हणाले. आम्ही म्हटलं, सुकल्यावर काढू. ते थोडा वेळ उभे राहिले आणि सावली शोधत निघून गेले.

ऊन लागावं म्हणून आम्ही वरचं कापड कडेला गुंडाळलं, आणि बोंबील सुकायला जितके दिवस लागले तितके दिवस त्या मांडवाखालीच होतो. स्वयंपाक तिथं, पोरं तिथं, झोप तिथं. मांडववाल्यानं नंतर खुर्च्या नेल्या, पण कापड आणि बांबू नेले नाहीत. या वासाचा मांडव आता कुणाच्या लग्नाला घालू, म्हणाला. त्याचेच बांबू आजही आमच्या धक्क्यावर उभे आहेत. साहेबांच्या भूमिपूजनाचे.

म्हणजे आम्ही जिंकलो असं समजू नका. कार्यक्रम रद्द झाला नाही, पुढं ढकलला. प्लायवूडचा धक्का अजून त्यांच्या ऑफिसात आहे म्हणे, काचेच्या पेटीत. पायऱ्या अजून तशाच ढासळलेल्या आहेत. आम्ही विरोध लेखी दिला, मग पत्रं आली, तारखा आल्या, आणि शेवटी पुढच्या सालच्या मार्गशीर्षात फेरपाहणी ठरली.

तो निरोप घेऊन तुळशीदासमामा धक्क्यावर आला, तेव्हा आम्ही सकाळचा माल टांगत होतो. "सायब येनार हायत," तो म्हणाला. "सोमवारी."

सगळ्यांचे हात थांबले. वाऱ्यानं दोऱ्या हलत होत्या तेवढ्याच. सोनूबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. मला कळत होतं, तिला वर बघायची भीती वाटतेय. भाऊ हात जोडून उभा असेल तर काय करायचं, याची.

मामानं टोपी काढून दगडावर ठेवली. सोनूबाईच्या टोपलीजवळ उकिडवा बसला आणि त्यातले दोन बोंबील उचलले. हे काम आमच्याकडे पुरुष करत नाहीत, त्याला कुठून येणार? जबड्यात जबडा अडकवायला त्याला बराच वेळ लागला. एक निसटून खाली पडला, तो त्यानं सदऱ्याला पुसला.

"सोमवारी जास्त टांगा," तो म्हणाला. "आनि दगड धुवू नका."

ती जोडी त्यानं दोरीवर टाकली. ती वाकडी पडली. सोनूबाईनं ती उतरवली, नीट अडकवली आणि परत टांगली. मग टोपली त्याच्याकडे सरकवली.